थंडीत गाडी चालवताना बोटे बधिर होतात? हँडलला गरम ग्रिप बसवण्यापूर्वी हे वाचा

डिसेंबर उजाडला की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, पहाटे गाडीवरून उतरलो की खिशातली किल्लीसुद्धा धरता येत नाही. हँडलला त्या गरम होणाऱ्या ग्रिप मिळतात, त्या बसवून घेऊ का?" विचारणारे कधी दूध घालणारे काका असतात, कधी भाजीचे क्रेट बांधून मार्केट यार्डात निघालेला शेतकरी, तर कधी पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या नर्सताई. एप्रिल-मेमध्ये हाच प्रश्न लडाखच्या तयारीला लागलेली पुण्या-मुंबईची मुले-मुली विचारतात.

प्रश्न वस्तूबद्दल असला तरी त्याचे उत्तर तुमच्या हातांवर अवलंबून आहे. बोटांचा रक्तपुरवठा चांगला असेल आणि तळहाताला गरम-गार नीट कळत असेल, तर गरम ग्रिप ही चांगली सोय आहे. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झाली असेल, तर हीच ग्रिप तळहाताला फोड आणू शकते. आणि थंडीत तुमची बोटे पांढरीफटक पडत असतील, तर आधी त्याचे कारण शोधायला हवे. ग्रिपचा विचार त्यानंतर.

सगळ्यात आधी बोटेच का गारठतात?

शरीर थंडीत आपली ऊब आधी मेंदू, हृदय आणि पोटातल्या अवयवांसाठी राखून ठेवते. त्यासाठी ते हातापायांच्या त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते. बोटांच्या टोकांशी तर धमनी आणि शीर यांना थेट जोडणारे छोटे मार्ग असतात. उन्हाळ्यात ते उघडून शरीर उष्णता बाहेर टाकते आणि थंडीत ते बंद करते. त्यामुळे बोटांकडचे रक्त फार झपाट्याने कमी होते.

त्यात बोटे पडली बारीक आणि लांबट. आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ती लवकर गार होतात. शिवाय बोटांत स्वतःची ऊब तयार करतील असे स्नायू जवळजवळ नसतात. बोटे वाकवणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली, मनगटाच्या वर असतात आणि ते कंडऱ्यांच्या दोऱ्यांनी बोटे ओढतात. पायी चालताना आपण हात हलवतो, खिशात घालतो, एकमेकांवर चोळतो. गाडीवर मात्र ते तासभर एकाच जागी, मूठ आवळलेले आणि थेट वाऱ्यासमोर असतात.

वाऱ्याचा परिणाम किती असतो, याची अनेकांना कल्पना नसते. हवेचे तापमान १० अंश सेल्सिअस असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चालवली, तर उघड्या त्वचेला ते साधारण ५ अंशांसारखे जाणवते. हवा ५ अंश असेल तर उणे २ च्या आसपास, आणि शून्य असेल तर उणे ९ च्या आसपास. निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली गेला, असे आपण हिवाळ्यात अधूनमधून वाचतो. तशा पहाटे मोटरसायकलवर निघालेल्या माणसाचे हात हिमालयातल्यासारखी थंडी सोसत असतात. एक दिलासा असा, की हवा शून्याच्या वर असेल तर कितीही वारा असला तरी बोट गोठत नाही. वारा बोटाला हवेच्या तापमानापेक्षा खाली नेऊ शकत नाही, तो फक्त तिथपर्यंत लवकर पोहोचवतो.

पण गाडी चालवताना धोका होण्यासाठी बोट गोठावे लागत नाही. हाताच्या त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेले की बोटांचे कौशल्य कमी होऊ लागते. आणखी खाली गेले की स्पर्श कळेनासा होतो. ब्रेकच्या लिव्हरवर बोटे आहेत की नाहीत, किती जोर दिला, हे डोळ्यांनी बघून ठरवायची वेळ येते. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. गारठलेल्या बोटांमुळे ब्रेक लागायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून हा प्रश्न मी केवळ सोयीचा मानत नाही, आणि "थंडी आहे, सोसायची" असे सांगून कोणाला परतही पाठवत नाही.

नुसती थंडी, की काही आजार?

गारठ्यात बोटे लालसर होणे, दुखणे, बधिर होणे आणि घरात आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पूर्ववत होणे, हे बहुतेकांना होते. पुढच्या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत.

*बोटे पांढरी, मग निळी, मग लाल होणे.* याला रेनॉडचा विकार म्हणतात. मोरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले. यात थंडीने किंवा मानसिक ताणाने बोटांच्या धमन्या गरजेपेक्षा फार जास्त आकसतात. एक-दोन बोटे खडूसारखी पांढरी पडतात, त्यांची कडा स्पष्ट दिसते, मग ती निळसर होतात आणि रक्त परत आले की लाल होऊन ठणकतात. आपल्या सावळ्या त्वचेवर हे रंग पुस्तकातल्या चित्राइतके ठळक दिसत नाहीत. तेव्हा बोटांची तळहाताकडची बाजू आणि नखांखालचा रंग पाहा.

बहुतेक रुग्णांत, विशेषतः १५ ते ३० या वयात सुरू झालेल्या आणि दोन्ही हातांना सारखाच होणाऱ्या त्रासात, मागे दुसरा आजार नसतो. त्यांना ऊब, तंबाखू बंद आणि गरज पडल्यास निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिनसारखी रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी एवढे पुरते. पण काही जणांत हा त्रास स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपससारख्या आजाराची पहिली खूण असतो. चाळिशीनंतर पहिल्यांदाच त्रास होणे, बोटांच्या टोकांना जखमा होणे, बोटांची कातडी ताठ आणि चकचकीत होणे, सांधे सुजणे, गिळताना अडखळणे, यापैकी काहीही असेल तर तपासणी टाळू नका. त्यासाठी रक्ताच्या काही चाचण्या, त्यात एएनए ही महत्त्वाची, आणि नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी करतात. यात काही दुखत नाही.

*तरुण पुरुष, विडी किंवा सिगारेट, आणि बोटाच्या टोकाला न भरणारी जखम.* ही बर्जरच्या आजाराची शक्यता आहे. यात हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजून बंद होत जातात. तंबाखू पूर्ण बंद केल्याशिवाय यावर उपचार नाही. थंडीत त्याचा त्रास वाढतो म्हणून रुग्ण थंडीलाच दोष देत राहतो आणि बोट काळे पडल्यावर येतो. "दिवसाला दोनच ओढतो" हे वाक्य मी या आजारात खूप वेळा ऐकले आहे. बर्जरमध्ये दोनसुद्धा जास्त असतात.

*मुंग्या ठरावीक बोटांनाच येणे.* अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, विशेषतः रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, तर मनगटात मध्य चेतेवर दाब येत असण्याची शक्यता मोठी. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर त्रास दुसऱ्या चेतेचा, कोपरापाशी किंवा तळहाताच्या बुंध्याशी. हँडलवर भार देऊन तासन्‌तास गाडी चालवणाऱ्यांत हे दोन्ही दिसतात, आणि ते मे महिन्यातही होतात. उन्हाळ्यातही हात बधिर होत असतील तर गरम ग्रिपचे पैसे वाया जातील.

*कंपने.* दगड फोडण्याची मशीन, ड्रिल, ग्राइंडर यांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडू लागतात. हे शंभरहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात चुनखडीच्या खाणकामगारांची पाहणी डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये केली होती. तुमचे काम असल्या यंत्रांवरचे असेल आणि येणे-जाणे मोटरसायकलवर, तर डॉक्टरांना दोन्ही सांगा. रुग्ण गाडीबद्दल सांगतात आणि ग्राइंडरबद्दल विसरतात.

*औषधे.* रक्तदाब, धडधड किंवा मायग्रेनसाठी दिली जाणारी प्रोप्रानोलॉल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही औषधे हात गार पाडू शकतात. नाक मोकळे करणाऱ्या काही सर्दीच्या गोळ्यांनीही रक्तवाहिन्या आकसतात. यातले रक्तदाबाचे किंवा हृदयाचे औषध मनाने बंद करू नका. ते अचानक थांबवणे धोक्याचे असते. डॉक्टरांना त्रास सांगितला तर पर्याय निघू शकतो.

याशिवाय रक्त कमी असणे आणि थायरॉइडची कमतरता या दोन साध्या कारणांनीही माणूस सतत गारठतो. घरातली बाई "मला पहिल्यापासूनच थंडी जास्त वाजते" असे म्हणत असेल, तर तिचे हिमोग्लोबिन आणि टीएसएच एकदा पाहून घ्या.

गरम ग्रिप काय करते आणि काय करत नाही

हँडलच्या रबरी मुठीत विजेची बारीक तार किंवा पट्टी बसवलेली असते. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून वीज गेली की ती तापते. इस्त्रीचेच तत्त्व, फक्त खूप कमी ताकदीचे. कमी-जास्त करायला तीन ते पाच पायऱ्यांचे बटण असते. गाडीबरोबर कंपनीने बसवून दिलेल्या ग्रिप महागड्या गाड्यांवर येतात. बाकीच्यांना बाजारातला संच घेऊन बसवून घ्यावा लागतो.

ऊब फक्त तळहाताला आणि बोटांच्या आतल्या बाजूला मिळते. वारा लागतो तो बोटांच्या पाठीला आणि पेरांना. त्यामुळे नुसती ग्रिप बसवून उघड्या हातांनी गाडी चालवली, तर तळहात शेकतो आणि बोटांची पाठ गारठलेलीच राहते. क्लच-ब्रेकचे धातूचे लिव्हर थंडच असतात आणि गर्दीत दोन बोटे कायम त्यांवर असतात. म्हणून वारा अडवणारे हँडगार्ड आणि चांगले हातमोजे यांच्या जोडीला ग्रिप घेतली, तरच तिचा पूर्ण उपयोग होतो.

हातमोजे निवडताना एक गोष्ट उलटी लक्षात ठेवावी लागते. तळहाताकडे जाड अस्तर असेल तर ग्रिपची ऊब हातापर्यंत पोहोचत नाही, आणि मग लोक बटण सगळ्यात वरच्या पायरीवर नेतात. तळहाताला पातळ आणि पाठीला जाड, वारा न शिरणारे मोजे हवेत. ते घट्ट नकोत. आत आणखी एक लोकरी मोजा कोंबून बसवलेला हातमोजा बोटांचे रक्तच अडवतो.

आणखी एक मुद्दा सगळे विसरतात. छाती-पोट गारठलेले असेल तर शरीर बोटांकडे रक्त सोडतच नाही. शर्टावर नुसते स्वेटर घालून, वारा आरपार जात असताना हाताला कितीही ऊब दिली तरी ती वरवरची राहते. वारा अडवणारे जाकीट, गळ्याभोवती मफलर किंवा बफ आणि निघण्यापूर्वी पोटात काहीतरी गरम, हे आधी. मफलरचे टोक मात्र जाकिटाच्या आत खोचा. चाकात अडकलेल्या ओढणी-मफलरींचे अपघात आम्ही पाहतो.

कोणी बसवू नयेत, किंवा डॉक्टरांना विचारूनच बसवाव्यात

भाजायला उकळते पाणीच लागते असे नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले, की ४४ अंश तापमानाला त्वचा सलग सुमारे ६ तास राहिली तर भाजते. त्यापुढे तापमान एकेका अंशाने वाढले, की लागणारा वेळ साधारण निम्मा होतो. म्हणजे ४७ अंशांना पाऊण तास पुरतो आणि ५० अंशांना पाच-सहा मिनिटे. निरोगी हाताला हे चटके आधी कळतात, माणूस मूठ सैल करतो, बटण खाली आणतो. संवेदना नसलेला हात तसाच धरून ठेवतो.

लांबच्या मधुमेहात आधी पाय बधिर होतात. बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढेस्तोवर बोटांची टोकेही बधिर होऊ लागलेली असतात. हे इतके हळूहळू होते की रुग्णाला पत्ता नसतो. माझ्या एका रुग्णाने मुलाने हौसेने बसवून दिलेल्या ग्रिप पहिल्याच आठवड्यात पूर्ण तापवून वापरल्या आणि रात्री जेवताना बायकोला त्यांच्या तळहातावरचे फोड दिसले. त्यांना स्वतःला काहीच जाणवले नव्हते. साखर जास्त, त्यामुळे ती जखम भरायला दीड महिना गेला. त्या काळात गाडी बंद, म्हणजे धंदाही बंद. मुलगा मात्र अजूनही स्वतःला दोष देतो. त्याची चूक नव्हती. वडिलांच्या हातांची तपासणी आम्ही डॉक्टरांनीच आधी करायला हवी होती.

कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या हातांनाही हीच काळजी लागू आहे. औषधोपचार पूर्ण झाला, जंतू गेले, तरी गेलेली संवेदना नेहमी परत येत नाही. अर्धांगवायूनंतर एका हाताची जाणीव कमी असेल, किंवा मानेच्या मणक्याचा त्रास बोटांपर्यंत उतरला असेल, तरी तसेच.

घरच्या घरी एक साधी पाहणी करता येते. डोळे मिटा आणि दुसऱ्या कोणाला तरी कापसाचा बोळा तुमच्या बोटांच्या टोकांना हलकेच लावायला सांगा. मग एक गार पाण्याचा आणि एक कोमट पाण्याचा पेला आळीपाळीने हातात घ्या. स्पर्श चुकत असेल किंवा गार-कोमट ओळखता येत नसेल, तर गरम ग्रिप नको. ही पाहणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. पण ती चुकली तर तपासणीला जाण्याचे कारण नक्की मिळते.

रेनॉडचा त्रास असलेल्यांना मी गरम ग्रिप सहसा सुचवतो, एका अटीवर. बोटे पांढरी पडून बधिर झाल्यावर ती तापलेल्या ग्रिपवर टेकवायची नाहीत. त्या क्षणी त्या बोटांना चटका कळत नाही आणि उष्णता वाहून न्यायला रक्तही नसते. ग्रिप गाडी सुरू करतानाच कमी पायरीवर चालू करायची, म्हणजे झटका येऊच नये. आलाच तर गाडी बाजूला घेऊन हात काखेत धरायचे.

एकाच जागी रोज बराच वेळ ऊब लागत राहिली, तर त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग येऊ शकतात. शेगडीजवळ बसणाऱ्यांच्या पायांवर किंवा मांडीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांना ते दिसतात. तळहातावर असे काही दिसले तर तापमान कमी करा.

बसवून घेताना

मी डॉक्टर आहे, मेकॅनिक नाही. पण चुकीच्या बसवलेल्या ग्रिपमुळे होणारे अपघात शेवटी आमच्याकडेच येतात, म्हणून मेकॅनिकला काय विचारायचे एवढे सांगतो.

डावी ग्रिप हँडलवर घट्ट बसते. उजवी मात्र ॲक्सिलरेटरच्या फिरणाऱ्या नळीवर बसते, म्हणून तिचे आतले भोक मोठे असते. दोन्हींची अदलाबदल होत नाही. उजवीकडची वायर मुठीबरोबर पुढे-मागे होते. तिला पुरेशी ढील नसेल तर ती तुटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ॲक्सिलरेटर परत येऊ देत नाही. ग्रिप चिकटवायचा गोंद नळी आणि हँडलच्या मध्ये उतरला तरी ॲक्सिलरेटर अडकतो. काम झाल्यावर इंजिन बंद असताना हँडल पूर्ण डावीकडे, मध्ये आणि पूर्ण उजवीकडे करून प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा. तो दर वेळी आपोआप, टक्कन परत यायला हवा. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. इंजिनचा आवाज वाढला तर काहीतरी ओढले जाते आहे, गाडी तशी घेऊ नका. गोंद वाळायला पाकिटावर जितका वेळ लिहिला असेल तितका द्या. चालत्या गाडीवर डावी मूठ गरकन फिरली तर काय होईल, ते तुम्हीच डोळ्यासमोर आणा.

विजेचा हिशेबही पाहावा लागतो. एका जोडीला साधारण ३० ते ५० वॉट लागतात. ३६ वॉट धरले तर १२ व्होल्टला ३ अँपिअर. आपल्याकडच्या अनेक गाड्यांचा हॅलोजन हेडलाइट ३५ वॉटचा असतो, म्हणजे दुसरा हेडलाइट लावल्यासारखेच झाले. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना हे जड जात नाही. छोट्या गाड्यांची बॅटरी मात्र ३ ते ५ अँपिअर-अवरची असते. इंजिन बंद करून ग्रिप चालू राहिली तर तासा-दीड तासात ती उतरेल. म्हणून जोडणी किल्लीबरोबर बंद होणारी, रिलेमधून असावी. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज असलाच पाहिजे. हेडलाइटच्या बारीक वायरला जोड मारून दिला तर ती वायर तापते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसतात. ग्रिप पूर्ण चालू करून, गाडी चालते त्या वेगाला इंजिन ठेवून, आकडा १३ च्या खाली जात असेल तर तुमच्या गाडीला तो संच झेपत नाही. सांधे पाणी न शिरणारे असावेत, कारण आपल्याकडे थंडीपेक्षा पाऊस जास्त दिवस असतो. वॉरंटी असलेल्या गाडीची वायर कापण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दोन गोष्टी थेट हाताच्या आरोग्याच्या. हँडलच्या टोकाला असलेली वजने जुनी ग्रिप काढताना निघतात आणि कधी परत बसवलीच जात नाहीत. ती शोभेची नसतात, हाताला बसणारी कंपने कमी करतात. दुसरे, गरम ग्रिप साध्या ग्रिपपेक्षा थोडी जाड असते. लहान हातांच्या माणसाला, संधिवात किंवा मनगटाचा त्रास असलेल्याला लिव्हर गाठायला जास्त ताण पडतो. बसवण्यापूर्वी कोणाच्या तरी गाडीवर हात ठेवून पाहा. लिव्हर जवळ आणता येत असेल तर आणून घ्या.

ग्रिप न बसवताही बरेच काही होते

वर्षातून पंधरा दिवस थंडी पडते अशा गावात राहून दिवसाला चार किलोमीटर गाडी चालवत असाल, तर माझ्या मते गरम ग्रिपची गरज नाही. उत्तर भारतात हिवाळ्यात स्कूटर-मोटरसायकलींच्या हँडलवर रेक्झिनची मोठी कव्हरे दिसतात, ज्यांत हात घालून गाडी चालवतात. दिसायला ती ओबडधोबड असतात, पण वारा पूर्ण अडवतात, स्वस्त असतात आणि मधुमेह असलेल्यालाही चालतात. हात आत-बाहेर करताना अडकत नाही ना, आणि आतले हॉर्न-इंडिकेटरचे बटण सापडते ना, एवढे पाहून घ्या. बॅटरीवर चालणारे गरम हातमोजे बोटांच्या पाठीलाही ऊब देतात, त्यामुळे रेनॉडच्या रुग्णांना ते ग्रिपपेक्षा जास्त मानवतात. पण संवेदना कमी असलेल्यांना तेही वर्ज्य. हात गरम करायची पाकिटे मिळतात, ती थेट त्वचेला लावून ठेवू नका.

बोटे गारठू लागली तर थांबा. दंड खांद्यातून जोरात गोल फिरवले की रक्त बोटांकडे ढकलले जाते. ही युक्ती साधी आहे आणि चालते. सायलेन्सरवर किंवा इंजिनवर हात शेकणे मात्र सोडा. दरवर्षी कोणीतरी तळहात भाजून येतोच.

लडाखला जाणाऱ्यांसाठी वेगळे

उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे आणि खारदुंग ला ५३५९ मीटरवर. लेहला सकाळी १० अंश असतील तर खिंडीत उणे २ च्या आसपास असू शकते, वर वारा आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी. इथे बोट खरोखर गोठू शकते.

तिथे जाताना अनेक जण डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातले डायमॉक्स, घेतात. या गोळीने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. तो तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे, हिमदंश नाही. मुंग्या येणारे बोट गुलाबी, उबदार आणि स्पर्श कळणारे असेल तर घाबरू नका. बोट पांढरे किंवा राखाडी, मेणासारखे, टणक आणि बधिर असेल, तर तो हिमदंश समजा. आधी दुखत असलेले बोट अचानक दुखायचे थांबले, तर बरे वाटले असे समजू नका.

अशा वेळी अंगठ्या आणि ओले मोजे काढा. बोट चोळू नका, बर्फाने तर अजिबात नाही. शेकोटी, हीटर किंवा तापलेली ग्रिप यांपैकी काहीच लावू नका. पुढे पुन्हा गारठण्याची शक्यता असेल तर बोट वितळवू नका. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या बोटाचे नुकसान कितीतरी जास्त होते. सुरक्षित, उबदार जागी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात सुमारे अर्धा तास बोटे बुडवा. थर्मामीटर नसेल तर सोबतच्या माणसाने स्वतःचे कोपर बुडवून पाणी सुखद कोमट आहे ना पाहावे. रुग्णाच्या हातावर विसंबू नका. पाणी निवले की गरम पाणी घाला, पण बोटांवर थेट ओतू नका. रक्त परत येताना खूप दुखते. ते अपेक्षित आहे, त्यासाठी वेदनाशामक लागते. फोड फोडू नका, बोटांमध्ये कोरडी पट्टी ठेवून सैल गुंडाळा आणि रुग्णालय गाठा. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय आहे. दारू आणि सिगारेट दोन्ही नको.

कॅनमधून पेट्रोल भरताना सांडलेले पेट्रोल हातावर घेऊ नका. शून्याखालच्या थंडीत ते गोठत नाही, तितकेच गार राहते आणि उडताना त्वचेची उष्णता झपाट्याने ओढून नेते. ओला झालेला मोजा लगेच बदला, म्हणून मोज्यांचा दुसरा जोड वरच ठेवा, सामानाच्या तळाशी नको.

डॉक्टरांकडे कधी जायचे

बोट काळे-निळे होऊन तासाभरात रंग परत आला नाही, एकच हात अचानक गार, पांढरा आणि दुखरा झाला, तळहातावर न दुखणारे फोड आले, तर त्याच दिवशी जा. बोटांचा रंग थंडीत वारंवार बदलत असेल, बोटाच्या टोकाची जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, हातातून वस्तू निसटत असतील, तर त्या आठवड्यात वेळ घ्या.

जाताना एक काम करा. बोटे पांढरी किंवा निळी पडतील तेव्हा गाडी बाजूला लावून मोबाइलवर दोन्ही हातांचा, तळहात आणि पाठ असा, उजेडात फोटो काढून ठेवा. दवाखान्यात येईपर्यंत हात गरम झालेले असतात आणि आम्हाला काहीच दिसत नाही. सोबत चालू गोळ्यांची पाकिटे आणा, आणि तंबाखू, मिश्री, गुटखा जे काही असेल ते घरच्यांसमोर सांगायचे नसेल तर आत एकटे या.